जंगलाच्या मुलखात जंगलाचा पडदा

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत नाटकाचा हंगाम उभा राहतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत वैनगंगेच्या अंगाने पसरलेला हा धानाचा पट्टा. हलका धान घरात आलेला, भारी धान कापणीला टेकलेला, चार पैसे हातात येण्याची खात्री आणि गावोगाव मंडई. मंडईच्या दिवशी दिवसा बाजार, रात्री नाटक. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा, कागदोपत्री देसाईगंज, हे या धंद्याचे मुख्य ठाणे. नाटक कंपन्यांच्या पाट्या इथे ओळीने लागतात, गावची मंडळी येऊन नाटक ठरवतात, तारखा बांधून घेतात, आणि मग थेट होळीच्या आसपासपर्यंत ही धावपळ चालते. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि उजाडेपर्यंत रेंगाळतो. त्याचे कारणही इथल्या भूगोलातच सांगतात: मध्यरात्री रानातून घर गाठण्यापेक्षा पहाटेपर्यंत मांडवात बसलेले बरे.

नाटक सुरू होण्याआधी प्रेक्षक तासभर ज्याच्याकडे बघत बसतो तो दर्शनी पडदा. त्यावर कंपनीचे नाव, जाड, उठावाच्या अक्षरांत, प्रत्येक अक्षराला डावीकडून उजेड आणि उजवीकडून सावली. शेवटचा शब्द बहुधा ‘वडसा’. खालच्या कोपऱ्यात, पाण्याचा शिंतोडा पडला तर पुसून जाईल इतक्या लहान अक्षरांत, ‘पेंटर’ आणि पुढे नाव. पडदा वर जातो. मागे महाल, रस्ता, झोपडी, बगीचा किंवा जंगल. मांडवापासून दोनशे पावलांवर खरे जंगल सुरू झालेले असते: साग, ऐन, मोह, तेंदू, बांबूची बेटे. पडद्यावरच्या जंगलात मात्र निळा डोंगर आहे, डोंगरावरून पडणारा पांढरा धबधबा आहे, आणि मधोमध आत आत निमुळती होत गेलेली वाट. जंगलात जन्म काढलेली माणसे समोर बसली आहेत आणि त्यांच्यापैकी कुणीही या जंगलाला हसत नाही.

या अंकासाठी विषय आला तो ‘वास्तववादी चित्रकाराचे आयुष्य’ असा. असा विषय निघाला की आपल्याकडे नावांची एक माळ तयार असते: पेस्तनजी बोमनजी, धुरंधर, हळदणकर, त्रिंदाद, आबालाल रहिमान. सगळी मुंबईची, कोल्हापूरची, गोव्याची. चंद्रपूर-गडचिरोलीचे नाव त्या माळेत ओवायचे तर कुणाचे, असा प्रश्न पडतो. माझे म्हणणे असे की या मुलखातला वास्तववादी चित्रकार म्हणजे तो कोपऱ्यातला पेंटर. ‘बिचारा, त्यालाही मान द्या’ अशा उदारपणाने मी हे म्हणत नाही. वास्तववादाची विद्या काय असते, ती कुणाच्या नजरेवर चालते आणि तिच्यावर पोट कसे भरते, हे तीन प्रश्न एकत्र विचारले तर उत्तर त्याच्याकडेच जाते.

पेंटर हे आडनाव

धंद्याचे नाव आडनाव म्हणून लावण्याची रीत कोल्हापूरने प्रतिष्ठित केली. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म १८९०, मृत्यू १९५४, अवघ्या महाराष्ट्राला बाबूराव पेंटर म्हणूनच ठाऊक. घर कारागिरांचे. कलाशाळेत न जाता वडिलांच्या आणि चुलतभावाच्या, म्हणजे आनंदराव पेंटरांच्या, हाताखाली ते तयार झाले. १९१० नंतरच्या काही वर्षांत या दोघा भावांनी नाटक कंपन्यांसाठी रंगवलेल्या पडद्यांनी मराठी रंगभूमीचे डोळे दिपवले. संगीत नाटकाचा तो भराचा काळ होता, आणि नवे नाटक म्हणजे नवे पडदे असा हिशेब होता. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी सिनेमाचा ध्यास पुढे नेला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ लोकांपुढे आणला. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये तर त्यांनी महाल, अप्सरा, चमत्कार सगळे बाजूला ठेवून कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर उभा केला. त्यातल्या एका काळोख्या झोपडीच्या दृश्याबद्दल सिनेमाचे अभ्यासक आजही बोलतात. छायाप्रकाशाची ही जाण कॅमेऱ्यापाशी येण्याआधी मांजरपाटावर घासून घेतलेली होती. याच पडद्यांच्या कारखान्यात उमेदवारी केलेले विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल पुढे ‘प्रभात’चे भागीदार झाले, आणि त्यांच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’ची व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणणी झाली. पडदे रंगवणाऱ्यांनी देहू उभे केले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

कोल्हापूरच्या पेंटरला हा रस्ता मिळाला, कारण सिनेमा त्याच्या दारात जन्मला. वडशाच्या किंवा सिंदेवाहीच्या पेंटरकडे सिनेमा आला तो तयार रिळांतून. त्याची पोस्टरेही बाहेरून छापून आलेली. १९५६ पर्यंत चांदा जिल्ह्याची राजधानी नागपूर होती; मुंबई दूरची. गडचिरोलीला तर वेगळा जिल्हा व्हायला १९८२ साल उजाडावे लागले. नागपूरच्या चित्रकला महाविद्यालयापर्यंत पोचला तो बहुधा ड्रॉईंग मास्तर होऊन परतला, आणि नाही पोचला तो शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमीडिएटवर थांबला. त्या परीक्षांची आपण थट्टा करतो. पण स्थिरचित्र, स्मरणचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन एवढ्यांत पडद्याचा जवळजवळ सगळा अभ्यासक्रम बसतो. तांब्याच्या गोलाईवरची चकाकी ज्याला काढता आली त्याला महालाचा खांब गोल दाखवता येतो. ठोकळ्याच्या कडा पाठीमागे कशा मिळत जातात हे ज्याने पट्टीने आखले त्याला दरबाराची फरशी आखता येते.

अशा माणसाचे वर्ष कसे जाते ते पाहिले की ‘कारकीर्द’ या शब्दाचा इथला अर्थ कळतो. पोळ्याच्या आधी तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी रंगवायचे. मग गणपती, मग नवरात्रातल्या शारदा आणि दुर्गा. त्यातच पावसाने उघडीप दिली की पडदे, कारण दिवाळीला कंपनी गाडीत चढणार. हंगाम चालू असताना फाटलेल्या, भिजलेल्या पडद्यांची डागडुजी. उन्हाळ्यात लग्नघरांच्या भिंतींवर नवरा-नवरीची नावे, कळस, केळीचे खांब. अधूनमधून शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ग्रामपंचायतीच्या योजना, जंगलखात्याच्या फलकावरचा वाघ, आणि कुणाच्या तरी गेलेल्या बापाचे तैलचित्र, तेही रेशनकार्डावरच्या फोटोवरून. या यादीतले शेवटचे काम कलेच्या इतिहासात व्यक्तिचित्रण म्हणून मोजले जाते आणि उरलेली कामे मोजलीच जात नाहीत. हात मात्र एकच असतो.

सरस, खडू आणि सुतळी

पडद्याचे कापड मांजरपाट. रंगमंच वीस-पंचवीस फुटांचा, कापडाचा पन्हा त्यापुढे तोकडा, म्हणून पट्टे शिवून जोडायचे. जोड आडवे ठेवलेले बरे. उभा जोड पडदा लटकल्यावर चुण्या पाडतो आणि मग महालाच्या भिंतीला पोक आल्यासारखे दिसते. कापड ताणून त्यावर सरस आणि खडूच्या पुडीचे अस्तर. सरस रात्रभर भिजवायचा आणि दुसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्यात भांडे ठेवून विरघळवायचा, थेट जाळावर ठेवला तर करपतो. प्रमाण हे सगळे शास्त्र. सरस जास्त झाला की पडदा गुंडाळताना रंगाला तडे जातात. कमी झाला की भुकटी सुटते आणि राजाच्या शेल्यावर खांबाचा गुलाबी रंग उतरतो. त्यात आणखी एक खोच आहे. हा रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की कितीतरी फिका होतो. म्हणजे चित्रकार जे लावतो ते त्याला दिसत नसते. रद्दी कागदावर ठिपका टाकून, उन्हात वाळवून, मग पुढे जायचे, किंवा वर्षानुवर्षांच्या सवयीने मनातच वाळवून बघायचे. तैलरंगात काम करणारा चित्रकार कॅनव्हासवर दिसते तेच बघून निर्णय घेतो. इथे निर्णय आधी, दिसणे नंतर. हल्ली पुष्कळ जण बाजारातले इमल्शन आणि स्टेनर वापरतात. वास नाही, भुकटी नाही, काम लवकर. पण त्याला थोडी चकाकी राहते, आणि दिव्याखाली चकाकणारे आभाळ हे आभाळ राहत नाही.

मग सुतळी. निळीत बुडवून दोघांनी दोन टोके धरायची आणि मधे उचलून सोडायची, की कापडावर सरळ रेघ उमटते. पहिली रेघ क्षितिजाची. ती कुठे मारायची हा पडद्यातला सर्वांत मोठा निर्णय आहे. मुंबईच्या चित्रशाळेत क्षितिजरेषा चित्रकाराच्या डोळ्याच्या उंचीवर. इथे चित्रकाराचा डोळा बिनकामाचा. समोर पोरे जमिनीवर, त्यांच्यामागे बाया, शेवटी खुर्च्या, आणि सगळ्यांपुढे चार फूट उंच रंगमंचावर उभा नट. अनुभवी पेंटर रेघ उभ्या नटाच्या डोळ्याच्या आसपास ठेवतो, म्हणजे नट पुढे असला तरी चित्राच्या मापात बसतो. तरी एक अडचण सुटत नाही. पडद्यावरचे खांब मागे मागे लहान होत जातात, नट मागे गेला तरी लहान होत नाही. तो रंगवलेल्या दारापाशी जाऊन उभा राहिला की एकदम राक्षस दिसू लागतो. म्हणून नटाने पुढे, माइकच्या आसपास राहायचे आणि पडद्याची पाठ धरायची नाही. ही शिस्त आवाजाची म्हणून सांगितली जाते. ती यथादर्शनाचीही आहे.

आणि उजेड. हळदणकरांचे हातात दिवा धरलेल्या बाईचे ते गाजलेले जलरंगातले चित्र आठवा: दिवा चित्रातला, उजेड चित्रातला, सगळे चित्रकाराच्या हुकमतीत. पडद्याच्या पेंटरला उजेड दुसऱ्याकडून येतो आणि तो पिढीगणिक बदलत गेला. पेट्रोमॅक्सच्या पिवळट उजेडात निळा मरतो, म्हणून आभाळात पांढरा सढळ घालायचा. ट्यूबलाइट आल्या तेव्हा उलट झाले, लाल-केशरी विटले. आता एलईडीचे रंगीबेरंगी झोत आहेत. नाटकात मधेच नाचगाणे येते, दिवेवाला लाल झोत सोडतो, आणि मागचे हिरवेगार जंगल क्षणात काळेठिक्कर होते. लाल उजेडात हिरव्याला परत पाठवायला काही उरतच नाही. पंधरा दिवस खपून काढलेली पाने एका बटणावर जातात आणि गाणे संपले की परत येतात. या दोघांची, पेंटरची आणि दिवेवाल्याची, कधी गाठ पडत असेल असे वाटत नाही.

अरण्याला क्षितिज नसते

आता त्या जंगलाकडे वळू, कारण माझ्या म्हणण्याला सर्वांत मोठा आक्षेप तिथेच आहे. गडचिरोली जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली, चंद्रपुरात ताडोबा. अशा ठिकाणचा पेंटर जर धबधबा आणि निळा डोंगर काढत असेल तर त्याला वास्तववादी कशाच्या जोरावर म्हणायचे? दाराबाहेर अस्सल माल असताना तो कॅलेंडरातला काढतो, याला नजरेचा आळस म्हणावे, फार तर गुलामगिरी.

आक्षेप वजनदार आहे, पण तो जंगलात उभे न राहता घेतलेला आहे. दाट रानात माणसाला पन्नास पावलांपलीकडचे दिसत नाही. क्षितिज नाही, मागे मिळत जाणाऱ्या रेषा नाहीत, मोठे-लहान यांचा ताळा नाही. बुंध्यामागे बुंधा, पानामागे पान. यथादर्शनाची विद्या जन्मली ती चौकांच्या, कमानींच्या, फरसबंदीच्या गावात. जिथे सरळ कडा आहेत तिथेच तिचे दात लागतात. अरण्यात ती निकामी होते. त्यामुळे जंगलाचा पडदा काढायचा तर आधी त्या जंगलाला भोक पाडावे लागते: वाट, नदी, ओढा, मोकळवण, काहीतरी ज्यातून नजर आत जाईल. धबधबा आणि डोंगर हे त्या भोकाचे शेवटचे टोक, नजरेला टेकायला दिलेले. पेंटरने खरे जंगल पाहिलेले नाही असे नाही. खरे जंगल या विद्येत मावत नाही, हे त्याने हाताने शोधून काढले आहे.

दुसरी गोष्ट ऋतूची. नाटकाचा हंगाम कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत. त्या महिन्यांत इथले रान पिवळे, तांबूस, मग राखी होत जाते. साग पाने टाकतो, पाचोळ्याचा आवाज येतो, आणि शेवटी पळस पेटतो. हे सगळे जसेच्या तसे पडद्यावर आणले तर दिव्याखाली शेवटच्या रांगेला काय दिसेल? मळकट तपकिरी कापड. जंगल आहे हे कळायला संवाद लागेल. पडद्याला तेवढी सवड नसते. वरचा पडदा पडला, जंगलाचा उलगडला, की नट तोंड उघडण्याआधी जागा कळली पाहिजे. हिरवा रंग इथे झाडाचा नाही, ‘जंगल’ या शब्दाचा आहे.

आणि तिसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. समोर बसलेल्यांना जंगल हे दृश्य म्हणून माहीतच नाही. ते मोह वेचायची, तेंदूची पाने तोडायची, बांबू आणायची, वाघाला भ्यायची जागा आहे. नाटकातले जंगल निराळे: तिथे नायिका चुकते, दरोडेखोर भेटतो, साधू आशीर्वाद देतो. ही जागा आपल्या गावाशेजारची नाही हे प्रेक्षकाला मान्य आहे, किंबहुना तसे असलेलेच त्याला हवे आहे. त्या धबधब्याला तो हसत नाही, कारण त्याच्या लेखी पेंटर खोटे बोललेला नाही. तो दुसऱ्या ठिकाणाबद्दल बोलला आहे.

झोपडीची परीक्षा

मग हा प्रेक्षक काहीही खपवून घेतो का? तेही नाही. महाल कसा असावा याबद्दल त्याचे काही म्हणणे नसते. बल्लारपूरचा किल्ला आणि चंद्रपूरचा परकोट पाहिलेल्या माणसालाही पडद्यावरचे संगमरवरी खांब चालतात. पण सीन झोपडीचा लागला की पाहणारे डोळे बदलतात. छपरीचा उतार किती, कवेलू कसे एकावर एक बसतात, कुडाच्या भिंतीवर सारवणाचे हात कसे फिरतात, चूल कोणत्या अंगाला असते, धुराने वासे कुठपर्यंत काळे होतात, हे समोरच्या बाईला पेंटरपेक्षा जास्त ठाऊक आहे. चूल दारासमोर काढली तर ती शेजारणीला कोपर मारते. इथे पडदा परीक्षेला बसतो.

झाडीपट्टीतली नाटके गेल्या कितीतरी वर्षांपासून अशाच घरांत घडू लागली आहेत. पौराणिक-ऐतिहासिक मागे पडले; कर्ज, दारू, हुंडा, शेतकऱ्याची आत्महत्या, सुनेचे हाल हे विषय आले. म्हणजे परीक्षेचे सीन वाढले. महालाचा पडदा एका कंपनीला वर्षानुवर्षे पुरतो. घराचा पडदा मात्र लोकांची घरे बदलली की जुना होतो. मातीच्या घरात सिमेंटची छपरी आली, कवेलूंवर टिन आले, भिंतीवर गुलाबी डिस्टेंपर आणि कोपऱ्यात दूरदर्शनचा डबा आला. पेंटरला हे टिपावेच लागते. वास्तववाद म्हणजे हुबेहूबपणा, अशी आपली शाळकरी समजूत आहे. मला तो हिशेब तपासला जाण्याचा प्रश्न वाटतो. ज्या गोष्टीत बघणारा जाणकार, त्या गोष्टीत चित्रकाराला सूट नाही. दालनातल्या चित्राचा जाणकार आठवड्यात एखादा येतो. इथे एका रात्री हजारांच्या घरात बसलेले असतात, तेही तिकीट काढून.

शहरातल्या रंगभूमीने वास्तवाचा अर्थ नेमका उलटा लावला. पु. श्री. काळ्यांनी ‘ललितकलादर्श’साठी खोलीचे बंदिस्त देखावे उभे केले, १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ आणले, आणि तिथपासून खऱ्या दाराखिडक्या, खऱ्या खुर्च्या म्हणजे वास्तव आणि रंगवलेला पडदा म्हणजे खोटेपणा असे ठरून गेले. बंदिस्त रंगमंदिर असलेल्या शहराला ते परवडले. रोज नव्या गावात, रिकाम्या शेतात, मांडवाखाली उभे राहणाऱ्या नाटकाला भिंती गाडीत घालून नेता येत नाहीत. गुंडाळता येईल तेवढेच घर त्याला परवडते. म्हणून इथे वास्तव पडद्यावर टिकून राहिले. मागासलेपणाचा त्यात काही संबंध नाही.

नक्कल म्हणाल तर

दोन आक्षेप अजून शिल्लक आहेत. एक नकलेचा. पडदा पडद्यावरून काढतात, तो पडदा कॅलेंडरवरून, कॅलेंडर कुठल्याशा तैलचित्रावरून. यात स्वतःचे काय? उत्तर असे की आपल्या वास्तववादी चित्रकलेची उभारणीच नकलेवर झाली. जे. जे. स्कूल १८५७ मध्ये सुरू झाले तेव्हा विद्यार्थ्यांपुढे प्लास्टरचे युरोपी पुतळे ठेवले गेले. तिथल्या ग्रिफिथ्स साहेबांनी १८७२ पासून पुढे बारा-तेरा वर्षांत विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या, आणि त्या नकलांमधूनही अजिंठा जगापुढे गेला. नक्कल करणारा काय शिकला आणि त्याच्या हाताने कुठे मोडता घातला, एवढेच विचारायचे असते. पडद्याचा पेंटर मोडता घालतोच, कारण मूळ चित्र दोन फुटांचे असते आणि त्याला ते वीस फुटांवर न्यायचे असते. चौकटी आखून आकार मोठा करता येतो, तपशील नाही. वीस फुटांवर काय गाळायचे, कोणती सावली थापायची, कुठे नुसता ओला फडका फिरवून धुके ठेवायचे, हे मूळ चित्रात लिहिलेले नसते.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक. या जिल्ह्यांची खरी कला म्हणजे गोंड-माडियांची. गोटुलाचे कोरीव खांब, मृतांच्या आठवणीचे लाकडी स्तंभ आणि उभे दगड. त्यांच्यासमोर यथादर्शनी पडदा ही उसनी गोष्ट. उसनी आहे, यात वाद नाही. पेटी आणि ऑर्गनही उसने, आणि त्यांच्याशिवाय झाडीपट्टीचे नाटक सुरूच होत नाही. शिवाय हा पट्टा एकाच समाजाचा नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि दंडार यांचा जो अभ्यास उभा केला त्यातून दिसते ते असे की इथले लोक दंडार, खडीगंमत ही लोकनाट्ये आणि लिहिलेले नाटक यांपैकी एकाची निवड करत बसले नाहीत, तिन्ही ठेवली. दंडारीला पडदा लागत नाही. नाटकाला लागला, तेव्हा त्यांनी पडदा रंगवणारा माणूस तयार केला. तो माडियांच्या सुताराच्या जागी आलेला नाही. दोघांचे गिऱ्हाईक वेगळे, रात्रही वेगळी.

फ्लेक्स

पडद्याच्या धंद्यावर खरा घाला फ्लेक्सने घातला. आधी दुकानांच्या पाट्या गेल्या, मग वाढदिवसाचे आणि निवडणुकीचे फलक, मग लग्नाच्या भिंती, आणि मग पडदा. फ्लेक्स एका दिवसात छापून मिळतो, भिजला तरी बिघडत नाही, घाण झाला तर पुसता येतो. कंपनीमालकाला दोष देण्यात अर्थ नाही; रोज रात्री गाडीत कोंबला जाणारा पडदा कशाचा असावा हे त्यानेच ठरवायचे. शिवाय फोटोच छापायचा तर जंगलही खरेखुरे मिळते. मग वास्तव वाढले की नाही?

फोटोतल्या जंगलाला स्वतःचे ऊन असते, एका बाजूचे, एका वेळेचे. त्याच्यापुढे उभ्या नटावर समोरून दिवे. दोघांचे उजेड जुळत नाहीत आणि नट चिकटवलेला दिसतो. गुळगुळीत पृष्ठभागावर दिव्याचा पांढरा डाग उठतो, नेमका आभाळात. वारा आला की मांजरपाट हलतो, फ्लेक्स फडफडतो आणि त्याचा आवाज माइकमध्ये जातो. आणि फोटो मोठा करताना काय गाळायचे हे यंत्राला कळत नाही. ते सगळेच मोठे करते, अस्पष्टही मोठे करते. म्हणजे छापलेले जंगल माहितीच्या दृष्टीने खरे आणि नाटकाच्या दृष्टीने खोटे. रंगवलेल्याचे उलट. यावरून रंगवलेला पडदा टिकेल असे मात्र मी म्हणणार नाही. चांगले असणे आणि टिकणे यांचा बाजारात फारसा संबंध नसतो.

टिकण्याचा प्रश्न दुसऱ्या अर्थानेही आहे. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीला प्रथमच इतक्या वर मान मिळाला. त्यांच्याबद्दल सांगितले जाते की ८०० वेगवेगळ्या भूमिका आणि ५००० हून अधिक प्रयोग. नटाची कारकीर्द अशी मोजता येते. पेंटरची कशात मोजायची? पडद्यांची संख्या कुणी लिहून ठेवत नाही. प्रदर्शन नाही, पारितोषिक नाही, छापलेली पुस्तिका नाही. चरित्रकोशातल्या नोंदीला लागणारे एकही हाड हाती लागत नाही. जाहिरातीवर लेखक, दिग्दर्शक, नट-नट्या, नर्तिका, ढोलकीवाला यांची नावे असतात, कधी फोटोही. पेंटरचे नाव पडद्यावरच, कोपऱ्यात, आणि पडदा गुंडाळला की तेही आत.

धुतलेला महाल

होळीनंतर गाड्या थांबतात. पडदे बांबूवर गुंडाळून आढ्याला टांगले जातात, कारण घडी घातली तर घडीवर रंग फुटतो. पावसाळ्यात सरसाला बुरशी येते, उंदरांना तो आवडतो. दोन-तीन हंगामांनंतर पडद्याचे काठ पिवळे पडतात, जंगलाच्या वाटेवर ओल चढते, महालाच्या पायऱ्यांवर कुणाच्या तरी चपलेचा ठसा उमटलेला असतो. तेव्हा निर्णय होतो: वरून हात मारायचा की धुवायचा.

धुवायचा ठरला तर पडदा उलगडून पाण्यावर नेतात. सरसाचा रंग कोमट पाण्यात सुटतो, गार पाण्यात भिजत ठेवावा लागतो. आधी आभाळ जाते, कारण त्यात खडू जास्त. मग खांबांचा गुलाबी, मग फरशीच्या काळ्या-पांढऱ्या चौकटी एकमेकींत मिसळून राखाडी होतात. पायाखाली पाणी आधी निळे, मग मातकट वाहते. शेवटपर्यंत राहतात त्या निळीच्या रेघा, सुतळीने मारलेल्या, क्षितिजाची सर्वांत ठळक. कापड पिळून दोघे जण दोन टोकांनी धरतात, झटकतात आणि उन्हात पसरतात. वाळले की त्याच रेघेवर पुन्हा सुतळी ठेवता येते का, हे पेंटर वाकून बघतो.